काचबिंदू, पूरक आहार आणि डोळ्यातील रक्तप्रवाह : एका संशोधनाची समीक्षा

काचबिंदूच्या उपचाराचा विचार दीर्घकाळ डोळ्यातील दाबाभोवती फिरत राहिला आहे. परंतु दाब आटोक्यात असूनही काही रुग्णांची दृष्टी क्षीण होत जाते. म्हणूनच डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला पुरेसे रक्त मिळते काय, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर आहारातील पूरक द्रव्यांत शोधणारा एक निबंध २०१८ साली ‘अ‍ॅक्टा ऑप्थॅल्मोलॉजिका’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील अ‍ॅलॉन हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संशोधन पूरक गोळ्यांच्या समर्थनार्थ पुढे केले जाते. म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या संशोधनात काचबिंदूच्या ४५ रुग्णांना एक महिना प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांचे मिश्रण व एक महिना निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणती गोळी केव्हा, हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. मिश्रण घेतल्यानंतर डोळ्यामागील रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग वाढला, काही वाहिन्यांतील अवरोध घटला आणि दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतील प्रवाहही सुधारला. रचनेच्या दृष्टीने हे काम काटेकोर आहे, यात शंका नाही.

तथापि आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या पुढे मारल्या जाणाऱ्या उडीवर. रंगीत डॉप्लर तपासणी रक्ताचा वेग मोजते. वाहिनीचा व्यास मोजत नाही. कालव्यातील पाणी वेगाने धावते एवढ्यावरून शेतात किती पाणी पोहोचले हे सांगता येत नाही. दुसरे असे की, मिश्रणातील कोणत्या घटकाचा परिणाम झाला, हे अशा प्रयोगातून उलगडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काचबिंदू वर्षानुवर्षे पसरणारा विकार आहे. एका महिन्यात दृष्टी टिकली की नाही, हे ठरविताच येत नाही.

ही शंका केवळ तात्त्विक नव्हे. २००३ साली इटलीतील २७ रुग्णांवरील अभ्यासात जिंकोच्या अर्काने दृष्टिक्षेत्र सुधारल्याचे नोंदविले गेले. २०१४ साली चीनमधील रुग्णांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. याउलट ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील अभ्यास पाहावा. त्यात ५१६ रुग्णांचे दृष्टिक्षेत्र २४ महिने तपासण्यात आले. लॅटानोप्रोस्टचे थेंब घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्के, तर निष्क्रिय थेंब घेणाऱ्यांपैकी २५.६ टक्के रुग्णांची दृष्टी अधिक बिघडली. पूरक द्रव्यांना हाच मापदंड लावला पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यात हा वाद निव्वळ पुस्तकी राहत नाही. भारतातील लोकसंख्याधारित पाहण्यांत काचबिंदूच्या बहुसंख्य रुग्णांचे निदान पूर्वी झालेलेच नव्हते, असे दिसून आले आहे. ज्याचे निदान झाले, त्या कापूस उत्पादकाला आयुष्यभर थेंब घालावयाचे आहेत. महागड्या गोळीपायी थेंबांची बाटली आणावयाची राहिली, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर जिंको घेतल्यास रक्तस्रावाची भीती असते. हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णाला हे कोण सांगणार?

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात काचबिंदूचा नामोल्लेख आहे. २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना सक्तीची आहे. ती बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, हा भाग वेगळा.

आहाराचा संबंधच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेतील आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१६) हिरव्या पालेभाज्यांतून अधिक नायट्रेट घेणाऱ्यांत काचबिंदूचा धोका २० ते ३० टक्क्यांनी कमी दिसला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. पण पालक, अंबाडी, तरोटा यांसाठी औषधाच्या दुकानात जावे लागत नाही.

येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे अर्थशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन एक साधी पाहणी हाती घ्यावी : काचबिंदूचे किती रुग्ण पूरक गोळ्या घेतात, कोणाच्या सांगण्यावरून घेतात आणि त्या काळात त्यांचे थेंब नियमित असतात काय. त्यासाठी डॉप्लर यंत्राची गरज नाही. प्रश्नावली आणि औषधांच्या पावत्या पुरेशा आहेत.