आदिनाथ एकटा का पडला?

व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (1957) या चित्रपटाची प्रशंसा बहुधा जेलर आदिनाथाच्या करुणेसाठी होते. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेचे मर्म आम्हांस मात्र बाजाराच्या प्रसंगांत दिसते. सहा खुनी कैदी उजाड रानात भाजी पिकवितात, रास्त भावाने विकू लागतात, आणि नफेखोर व्यापारी त्यांच्यावर उलटतात. सुधारलेल्या माणसांना समाज सामावून घेईल काय, हा येथे उभा राहिलेला प्रश्न चित्रपट आदिनाथाच्या मृत्यूच्या अश्रूंत विरघळवून टाकतो. हे त्याचे उणेपण होय.

ते कैदी प्रौढ होते. परंतु विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. कलम 18 मध्ये समज देऊन घरी सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा असे पर्याय आहेत. मात्र त्यांसाठी मुलाला शाळेत घेणारा मुख्याध्यापक, काम शिकविणारा कारागीर, संशय न धरणारा शेजारी लागतो. ही माणसे नसतील, तर परिवीक्षा अधिकारीही आदिनाथासारखाच एकटा पडेल, असे आम्हांस वाटते.