गाठ अन्न खाते काय? सोन्टॅग वाचताना

मंडळी, मागच्या वेळी आपण सुसान सोन्टॅग यांच्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या १९७८च्या पुस्तकापाशी थांबलो होतो. आजाराला रूपकं चिकटवू नका, त्यांचा भार रोग्यावर पडतो, हा त्यांचा मुद्दा. क्षयाने झिजणारा साहित्यात नाजूक, देखणा. कर्करोगाचा रोगी मात्र लाजिरवाणा. हे त्यांनी अगदी नेमकं पकडलंय.

आमची तक्रार वेगळी आहे. कर्करोगातही माणूस खंगतो. ते कसं घडतं, हा त्यांचा विषय नाही. पण त्यामुळे एक रूपक हातातून निसटतं : ‘गाठ अन्न खाते’.

आता यात तथ्य नाही असं नाही. गाठीच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर अर्धवटच जाळतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. एका ग्लुकोजमागे त्यांना एटीपीचे दोन रेणू मिळतात. उरलेल्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करायला यकृत सहा खर्चतं. दोनाच्या कमाईला सहाचा खर्च, बघा! पण गाठ लहान असतानाही माणूस किलोकिलोने उतरतो, ते एवढ्याने उलगडत नाही. दाहाचे रासायनिक निरोप मेंदूत भूक मारतात आणि स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावतात. उपाशी शरीर चरबी जाळून स्नायू जमेल तितके राखतं; इथे ती शिस्तच मोडते. म्हणून २०११च्या तज्ज्ञांच्या व्याख्येत, नेहमीच्या पोषणाने पूर्ण भरून न येणारी झीज, असं स्पष्ट म्हटलंय. वैद्यकातला शब्द ‘कॅकेक्सिया’. त्यातलं ‘हेक्सिस’ म्हणजे ॲरिस्टॉटलचीच ती मुरलेली स्थिती. (आमच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.)

हे आम्हाला उशिरा कळलं. थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग होता. वहिनी दर दोन तासांनी पेज, शिरा, अंडं घेऊन उभ्या. तो दोन घास घेऊन वाटी सरकवायचा, त्या स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्याला इच्छाशक्तीवर ऐकवत होतो! रोग्याच्या स्वभावाला दोष देण्यावर सोन्टॅगबाईंनी कडाडून टीका केलीय. ती प्रकरणं आम्ही वर्गात शिकवलेली होती. तो एवढंच म्हणाला, “अरे, मी खातोय. लागत नाहीये.”