बांध सर्वांचा, शब्द कोणाचा?

गोव्याच्या गावकरीसंस्थेविषयी जे लेखन होते, त्यात गौरवाचा सूर बहुधा सर्वांत उंच लागतो. चार्ल्स मेटकाफ याने १८३० साली हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. ती उपमा पुढे इतकी रुळली की, गावकरी म्हणजे पूर्वजांनी सिद्ध केलेली आदर्श लोकशाहीच, असे मानण्याकडे आपला कल झाला. या मताचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

गौरवास आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १५२६ साली आफोंसो मेशिया याच्या सनदेने जे रिवाज लेखनिविष्ट झाले, ते पोर्तुगीज येण्यापूर्वीच गावांत मुरलेले होते. जमीन सामायिक असे आणि तिचा मक्ता लिलावाने दिला जाई. उत्पन्नातून सरकारचा सारा, देवस्थानाचा व बांधबंदिस्तीचा खर्च भागवून उरेल ते झोण म्हणून गावकारांत वाटले जाई. खाजन शेती हे या संस्थेचे अजोड कार्य होय. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधाने थोपविलेले असते. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटीस आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाने मीठ धुऊन निघाले की तेथे खारट जमीन सोसणारे कोरगूट भात पिकते.

परंतु हा बांध घालणारा कोण आणि त्याविषयी ठरविणारा कोण? गावकार म्हणजे मूळ वांगडांतील पुरुष वंशज. मत त्यांचे आणि झोणही त्यांचेच. शेत कसणारी कुळे, मुंडकार, चिखल उपसणारे मजूर आणि सर्वच स्त्रिया यांस सामान्यतः त्या सभेत शब्द नव्हता. बांध फुटला म्हणजे खारे पाणी मात्र कोणाचे कूळ विचारून शेतात शिरत नसे! दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा १९४७ साली प्रसिद्ध झालेला व पुढे १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात समाविष्ट झालेला निबंध आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की, ग्रामसंस्थेचे स्तोत्र न गाता तिच्याकडे जमिनीच्या व्यवहारातून पाहण्याची वाट त्याने दाखविली.

यावर कोणी म्हणेल, विषमता असूनही बांध शतकानुशतके टिकलेच ना? आक्षेप वजनदार आहे. आमच्या मते बांध टिकले, कारण मक्त्याचे उत्पन्न बांधावर अवलंबून असल्याने सत्ताधाऱ्याचा स्वार्थ बांधाशी जखडलेला होता, आणि श्रम हुकमी मिळत होते. म्हणजे जे टिकले ते ऐक्य नव्हे, ती हितसंबंधांची एक गाठ होती. १९६४ च्या कूळ कायद्याने व त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने ती सुटली. कसणारा आपल्या तुकड्याचा मालक झाला, हा न्यायच झाला. पण बांधाचे तुकडे होत नसतात. १९७५ च्या नियमांनी त्याची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघांवर पडली. इकडे गावकाराचा हितसंबंध ओसरला. तिकडे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सभेत बोलू दिले नव्हते, त्यांनी एका नियमासरशी सभा चालवावी, अशी अपेक्षा धरली गेली. त्यातच मानशीवरील मासळीचा लिलाव आला. मक्तेदारास खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्यास ते नको असते. कित्येक ठिकाणी बांध खचले आणि भाताच्या जागी खारफुटी माजली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम ज्यांच्यावर चालतात, त्यांना ते बदलण्यात वाटा असावा, हे सामायिक संपत्ती टिकण्याचे एक लक्षण त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सांगितले होते. या कसोटीवर आमची जुनी गावकरी अर्धीच उतरते, आणि नवी व्यवस्थाही पुरी उतरत नाही. कारण एकीत शब्दाविण श्रम होते, तर दुसरीत जबाबदारी आहे पण एकत्र बसण्याची सवय नाही.

ज्या निधीतून देवळाच्या समईचे तेल आणि बांधाची माती या दोहोंचा खर्च निघे, त्याचा वारसा आम्ही अभिमानाने सांगतो. मग खाजनाच्या सभेत कूळ, मुंडकार, मासे धरणारा आणि स्त्री यांस बरोबरीचे मत द्यावे, व मासळीच्या लिलावातून पहिला वाटा बांधाचा काढावा, एवढे तरी आम्ही मागितले पाहिजे. ते न मागता केवळ पूर्वजांचे गोडवे गात राहणे म्हणजे फुटक्या बांधावर आरती ओवाळणे होय.