बंद कॅसिनोचा भाव

लास वेगासच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी सँड्स कॅसिनोची पाच डॉलरची पोकर चिप उचलली. दुकानदार म्हणाला, "चाळीस!"

मेथीच्या जुडीवर घासाघीस करणारा मी. पण हा भाव ताडून पाहायचा कशाशी? चालू कॅसिनोची साधी चिप तिथल्याच खिडकीवर छापील किमतीला वटते. तिला जादा मोजणारा खुळा. सँड्स मात्र १९९६ साली बंद पडून जमीनदोस्त झाला. मग प्रश्न दोनच : अशा चिपा उरल्या किती आणि हिच्या कडा शाबूत किती? कडा झिजलेल्या होत्या. वर धूळही होती. म्हणजे चाळीसला कोणी घेतली नव्हती. मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे!

बारावर सौदा तुटला. विजयी मुद्रेने चिप सौभाग्यवतींपुढे धरली.

"बारा दिलेत? अहो, यावर पाच लिहिलंय!"