चळवळीच्या घरातली भाभी : ‘मी भरून पावले आहे’ पुन्हा वाचताना

मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन आमच्या वाचकवर्गात दोन तऱ्हांनी हाताळले गेले. हमीद दलवाई यांना मानणाऱ्यांनी ते हमीदभाईंच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले. त्यांना न मानणाऱ्यांनी ते उघडलेच नाही. पहिल्यांना त्यात नवरा हवा होता आणि दुसऱ्यांना तोच नको होता. ज्या बाईने ते सांगितले, ती दोन्हीकडे बाजूलाच राहिली. आमच्या मते हे पुस्तक वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. समाजकार्य घरातल्या नात्यांवर किती उभे असते आणि त्याची किंमत कोण चुकवते, हे सांगणारे मराठी मुस्लिम साहित्यातले ते एक मोलाचे पुस्तक आहे.

ठळक गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. हमीदभाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म 1932चा. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. दोघांचे लग्न निकाहाने झाले आणि नंतर नोंदणी पद्धतीनेही झाले. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मोर्चा काढला, त्या सातांत मेहरुन्निसा होत्या. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. 3 मे 1977 रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने हमीदभाई गेले. पुढची चाळीस वर्षे मेहरुन्निसा त्या कामाशी जोडलेल्या राहिल्या. जून 2017 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी, 22 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला.

आता या तारखांच्या मधली जागा पाहू. पूर्णवेळ चळवळ करणाऱ्या माणसाच्या घरात पगार कोणी तरी आणावा लागतो. मेहरुन्निसांनी नोकरी केली, दोन मुली वाढवल्या, आलेल्या-गेलेल्याचे केले आणि नवऱ्याचे दीर्घ आजारपण काढले. मंडळाच्या इतिहासात परिषदा येतात, ठराव येतात, भाषणे येतात. हा पगार आणि ही चूल येत नाही. ती या पुस्तकात येते, आणि एवढ्यासाठीही आम्ही त्याचे ऋणी आहोत.

कार्यकर्ते त्यांना ‘हमीदभाई’ म्हणत आणि यांना ‘भाभी’. या दोन संबोधनांकडे समीक्षकांनी थांबून पाहायला हवे होते. ‘भाई’ म्हटले की माणूस नेता होतो. ‘भाभी’ म्हटले की बाईवर एक हक्क तयार होतो. भाभीकडे अवेळी जाता येते, जेवता येते, रडता येते. तलाक मिळालेली बाई एखाद्या कार्यालयात बोलणार नाही ते भाभीजवळ बोलेल. म्हणजे नात्याचा हा शब्द चळवळीचे सर्वांत उपयोगी साधन होता. पण भाभीच्या कामाला पगार नसतो, पद उशिरा मिळते आणि थकण्याची मुभा तर नसतेच. चळवळ कुटुंबासारखी चालते असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या कुटुंबात सुनेची जागा कोणाला दिली आहे, हेही विचारले पाहिजे.

येथेच पुस्तकाविषयी आमची एक तक्रार आहे. ‘भरून पावले’ या शब्दांत हिशोब मिटल्याचे समाधान आहे. देणेकऱ्याने सही करून पावती द्यावी तसे ते शीर्षक आहे. ही पावती वाचकाने जशीच्या तशी घेऊ नये. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 साली आल्या, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ 1944 साली आले. सुधारकांच्या पत्नींनी लिहिण्याची मराठीत जुनी वाट आहे, आणि त्या वाटेवर कृतज्ञतेचा सूर जणू ठरूनच गेलेला आहे. मेहरुन्निसा मोकळ्या आहेत, तरी त्यांनीही तो सूर सोडलेला नाही. तो त्यांचा अधिकार आहे. समाधान त्यांचे आहे, हिशोब मात्र आपल्याला करावाच लागेल.

दुसरा मुद्दा हमीदभाईंच्या पद्धतीचा. ‘इंधन’ (1965) ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल, अनेक वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला निवेदक तेथे घराशी, भावकीशी आणि गावाशी एकाच वेळी झगडतो. मुस्लिम घर आतून कसे चालते, अबोला कसा धरला जातो, हे त्या कादंबरीकाराला नेमके माहीत होते. पण तोच लेखक सुधारक म्हणून उभा राहिला तेव्हा त्याने मुख्यतः कायद्याकडे आणि शासनाकडे पाहिले. कादंबरीत असलेले घर त्याच्या कार्यक्रमात पुरेसे आले नाही. समाज त्यांच्यापासून दुरावला त्याला समाजाचा हट्ट कारण आहेच, तो आम्ही झाकत नाही. पण दाराशी आलेला माणूस नात्याने आला की फक्त युक्तिवाद घेऊन आला, याचाही फरक पडतो. त्या घराशी बोलण्याचे काम मग भाभीकडे आले.

समाजकार्याचे शिक्षण देणारी आपल्याकडची पहिली संस्था मुंबईत 1936 साली निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, आमच्या नवी मुंबईपासून खाडीपलीकडे देवनारला. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी मेरी रिचमंड यांनी 1917 सालीच मांडले होते की अडचणीतला माणूस एकटा पाहू नये, त्याच्या कुटुंबासह पाहावा. आमच्या समाजाला हे परके वाटण्याचे कारण नाही. सूरह निसामध्ये पती-पत्नीत बेबनाव झाला तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, असा आदेश आहे. शमीम आरा खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने तलाकपूर्वी अशा समेटाचा प्रयत्न आवश्यक मानला, तो याच आधारावर. एका दमात तीनदा तलाक म्हणणारा नवरा बायकोबरोबर या दोन्ही घरांनाही डावलतो. 2019च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो तुरुंगात असताना ती कोणाच्या घरी राहील आणि परतल्यावर तिच्याशी कोण बोलेल, हे कलमात लिहिलेले नसते.

पुस्तक वाचताना आम्हाला आमच्या वर्गातली एक गोष्ट वारंवार आठवली. आठवीतल्या एका हुशार मुलीला घरी बसवायचे ठरले. आम्ही 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचा कागद घेऊन गेलो, तालीमची महती सांगितली. वडिलांनी चहा दिला, मान डोलावली आणि मुलगी आली नाही. पुढे कळले की घरात शब्द चालतो तो गावाकडच्या फुफीचा. आम्ही तिच्याशी फोनवर बोललो. तिने कायदा विचारला नाही, मुलगी कोणाबरोबर जाते-येते एवढेच विचारले. शेजारच्या दोन मुलींची सोबत ठरली आणि आठवड्यात मुलगी वर्गात होती. सिडकोच्या वसाहतींत राहणारी आमची कुटुंबे अशीच आहेत. माणसे एका खोलीत इथे, आणि निर्णय कोकणात, मराठवाड्यात किंवा उत्तरेकडच्या एखाद्या गावात.

पण नात्याची भक्ती करण्यातही धोका आहे. त्याच फुफीने ‘नको’ म्हटले असते तर? सावित्रीबाई फुले यांनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेले पत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकले ते योग्यच, असे त्यांना सख्ख्या भावाने सुनावले. त्यांनी त्याला तिथेच उत्तर दिले, आणि ते ऐकून आई हेलावली. त्याच पत्रात, आपण आजारी असल्याने फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही त्या लिहितात. एकाच कागदावर विरोध करणारे रक्ताचे नाते, वळणारे रक्ताचे नाते आणि कामातून जुळलेले नाते! कुरकुर न करणारी फातिमा आणि भरून पावलेली मेहरुन्निसा यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोघींचे न कुरकुरणे मात्र एकच.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. घर टाळून समाजकार्य होत नाही, आणि घरावर भार टाकून ते न्यायाचे होत नाही. सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपल्या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले. कार्यकर्त्यांची चरित्रेही लिहिली. आता त्या कार्यकर्त्यांच्या बायका, बहिणी, अम्मी यांना बोलते करण्याची वेळ आहे. त्यांनी पावती लिहून देण्याआधी, त्यांचे काय देणे लागतो ते आपण विचारून घ्यावे. मेहरुन्निसाभाभींचे पुस्तक घरात असेल तर ते हमीदभाईंच्या पुस्तकांमागून काढून पुढे ठेवावे, आणि या वेळी तिच्यासाठी वाचावे.