हजेरीपटाबाहेरचे आईबाप

दलित आत्मकथनांनी मराठी साहित्यात जी शाळा आणली, ती त्याआधीच्या साहित्याला ठाऊकच नव्हती. शाळा म्हणजे खोडकर मुले, प्रेमळ किंवा तापट मास्तर आणि मधल्या सुट्टीतली चिंचाबोरे, एवढाच तिचा परीघ होता. आपल्या लेखकांनी गोणपाटावरची, दाराबाहेरची, वरून ओंजळीत पाणी ओतणारी शाळा दाखवली. याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला विचारायचे आहे ते वेगळे. या सगळ्या लेखनात शाळेकडे पाहणारा डोळा मुलाचा आहे. आईबाप कुठे आहेत?

ते आहेत, पण उंबऱ्याबाहेर. ‘उपरा’तला (१९८०) बाप गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव हिंडतो आणि तरी पोराला शाळेत घालतो. हा बाप मोठा आहे यात शंका नाही. मात्र शाळेचा नियम हिंडणाऱ्याला धरून का नाही, हा प्रश्न पुस्तक वाचून आपल्याला पडतो, बापाच्या तोंडी तो येत नाही. ‘आठवणींचे पक्षी’त (१९७९) आईबापांचे छत्र लहानपणीच गेलेले. ‘उचल्या’त (१९८७) पोर शाळेत जाऊ लागते आणि वस्तीतली मुले आजारी पडतात, त्याचा दोष त्याच्या शाळेवर येतो. शाळेत घालणे हाच जिथे गुन्हा ठरतो, तिथे शाळेचे नियम बदला असे कोण म्हणणार?

‘अक्करमाशी’तला (१९८४) प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. शाळेच्या पटावर बापाच्या नावाचा रकाना असतो. गुरुजी तिथे खऱ्या बापाचे नाव लिहितात, आणि तो बाप माणसे घेऊन दमदाटी करायला येतो. गुरुजी बधत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण शाळेचा कागद बदलून मागण्याचे धाडस ज्याच्यात आहे तो पालक गावातला वजनदार माणूस आहे, आणि जी आई पोराला वाढवते तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. आईचे नाव आधी लिहायचे हे महाराष्ट्र शासनाने ठरवले २०२४ साली. लिंबाळ्यांच्या पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी!

मी सिरसाळ्याच्या परिसरात शिकवतो आणि हिंडतो, म्हणून हे वाचन मला सुचले. परळी तालुक्यातल्या या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांचे ट्रक येतात आणि टोळ्या भांड्याकुंड्यांसह निघतात. यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आहेत, कोरडवाहू मराठाही आहे. पट्टा पडला की चैत्राच्या आगेमागे ही माणसे परत येतात. एका बाईने मला शाळेविषयीची तिची तक्रार दोन वाक्यांत सांगितली: “सर, आमी जातोत तवा शाळा भरलेली आस्ती. येतोत तवा कुलूप आस्तंय.”

शिक्षणाच्या प्रश्नावर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत. इतकी नेमकी समीक्षा त्यांत क्वचितच ऐकली.

ही बाई शाळेच्या विरोधात नाही. ‘पालकांत जागृती नाही’ हे आपल्या शिक्षक बंधूंचे आवडते वाक्य आहे, आणि सभासंमेलनांतून आपले कार्यकर्तेही ते उच्चारतात. जागृती आहे. नियम मात्र तिच्या जगण्याला पाठ करून उभा आहे. जूनच्या मध्याला सुरू होऊन एप्रिल-मेमध्ये संपणारे वर्ष तिच्या पोराला साडेचार महिने मिळते. मग पोर फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. इकडे पटावर नाव राहते, कारण पट घसरला की शिक्षकाचे पद जाते. म्हणजे मूल शाळेला हवे आहे, ते पटापुरते. १९९२ साली दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, त्याला अट ७५ टक्के हजेरीची. फडावर गेलेल्या मुलीची ७५ टक्के हजेरी कुठून भरायची? गरिबीसाठी दिलेला रुपया सर्वांत गरिबीलाच नाकारायचा, अशी ही अट होती.

कुणी म्हणेल, वेळापत्रक हे सर्वांसाठी असते, प्रत्येक पालकासाठी नियम कसा वाकवणार? इथे इतिहास पाहावा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. कारण काय? तो आत आला तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. त्या मुलांना शाळेतून काढणार कोण होते? त्यांचे आईबापच! म्हणजे पालकांच्या इच्छेपुढे शाळेचा नियम वाकत नव्हता असे नाही. तो पहिल्यापासून वाकत आला आहे. प्रश्न एवढाच, कोणाच्या पालकांपुढे. आजही विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांहून उशिरा उघडतात, आणि ते योग्यच आहे. उन्हासाठी तारीख बदलते, कोयत्यासाठी बदलत नाही.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते मी या बाईच्या बाजूचे पहिले निवेदन मानतो. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा हे त्यांनी म्हटलेच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतीचे, हिशेबाचे, उपयोगाचे शिकवा, आणि मास्तर असा द्या की ज्याला नांगराचा रुमणा धरायला लाज वाटणार नाही, असेही त्यांनी सांगितले. सक्तीपुरते त्यांचे ऐकायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. नांगराचे कोणी ऐकले नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा मी कार्यकर्त्यांनी वाचावा म्हणून सांगतो. त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे ग्रामीण भागात मुख्यतः जिल्हा परिषदेची, कर्तव्ये दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे त्यांतले एक. त्याच यादीत आणखी एक कर्तव्य आहे: शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवणे. दोन्ही कलमे एका पानावर आहेत, पण बीड जिल्ह्यात त्यांची अजून भेट झालेली नाही.

वेळापत्रक बदलले म्हणजे सगळे सुटेल असे मी म्हणत नाही. हिशेब करून पाहू. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सव्वीस आठवडे, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५६ दिवस. सण आणि मे महिन्यातले ऊन यांतून वजा करावे लागेल. कायद्याला पाचवीपर्यंत २०० दिवस आणि ८०० तास हवेत. सकाळची शाळा धरून रोजचे पाच तास केले तर तासांच्या जवळ जाता येते, दिवसांच्या नाही. उरलेल्या दिवसांसाठी हंगामी वसतिगृह किंवा कारखान्यावरची शाळा लागेलच. २०२१ साली शासनाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली, ती चांगलीच आहे. पण वसतिगृहाचा अर्थ लहान पोराला आईपासून सहा महिने तोडणे असाही होतो. ‘लेकरू इथं आन् मी तिथं’ हे दुःख नियम करणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याचे लेकरू संध्याकाळी घरी येते.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांना प्रमाणात जागा असाव्यात असे सांगितले. कागदावर हे फार मोठे आहे. धारवाडच्या त्या मुलाच्या आईबापांना असे काही स्वप्नातही दिसले नसते. पण समितीची सभा पौषात घ्यायची आणि सदस्य कारखान्याच्या तळावर, मग सभा कोणाची? जे गावात उरतात त्यांची. त्यांना वेळापत्रकाची अडचण नसते, म्हणून तो विषय सभेपुढे येत नाही.

आता पुन्हा साहित्याकडे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) एक प्रसंग आहे. शाळेत शेण काढायला लावतात, मुलगी नकार देते, मार खाते. तिची आई टोपल्या विणत बसलेली. त्या रस्त्याने गुरुजी जातात तेव्हा ती बसल्या जागेवरून त्यांना जाब विचारते. शाळेत जात नाही, अर्ज लिहीत नाही. शाळेच्या नियमाला तोंडावर विचारणारी ही आई आपल्या वाङ्मयात दुर्मिळ आहे. तिच्या ठायी विद्रोह आहे, पण त्याला आपण विद्रोह म्हटले नाही. विद्रोह म्हटला की आपल्याला कविता आठवते, मोर्चा आठवतो. मला वाटते, आपल्या समीक्षेने शिकलेल्या मुलाचे कौतुक करताना न शिकलेल्या आईची शिक्षणविषयक बुद्धी हिशेबात घेतली नाही. ती त्यागमूर्ती म्हणून उरली. त्यागमूर्तीला कोणी सभेला बोलावत नाही.

सिरसाळ्याच्या त्या बाईला मी विचारले, मग तुम्हाला काय बदलायला पाहिजे? तिने क्षणभरही विचार केला नाही. शाळा आम्ही आल्यावर उघडा, म्हणाली, आणि सभा पण तवाच घ्या.

टोळ्या चैत्राच्या सुमारास परततात. पुढच्या वर्षाची शाळा जूनमध्ये उघडते. जिल्हा परिषदेकडे निवेदन न्यायचे असेल, आणि ते फडावरून आलेल्या माणसांनीच न्यायचे असेल, तर हातात हे दोन महिने आहेत.