मुक्त जॅझ आणि नारायणगांवची ढोलकी

अमेरिकेंत उदयास आलेल्या मुक्त जॅझ या संगीतप्रकारावर आपल्याकडील सुशिक्षित रसिकांचा एक ठरलेला आक्षेप आहे : यांत नियम नाहीं, म्हणून यांत कलाहि नाहीं. आक्षेप प्रामाणिक आहे. रागाच्या संथ बढतीवर पोसलेल्या कानाला आठ वादकांचें एकाच वेळचें निरनिराळें वादन गोंगाटच वाटणार. तथापि निकाल देण्यापूर्वीं रसिकांनीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं ढोलकी-फडाच्या तमाशासमोर घटकाभर बसावें, अशी आमची सूचना आहे.

जॅझ आपल्या कानांवर प्रथम आला तो नृत्याची साथ म्हणून. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजला. पुढें चिक चॉकलेट या नांवानें गाजलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाच्या साह्यानें तें वळण सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत आलें. या जॅझची चौकट घट्ट असे. गीताचीं ठराविक आवर्तनें, आणि त्यांच्याखालीं क्रमानें बदलणारे स्वरसंघ. वादकानें कल्पना लढवावी ती या कुंपणाच्या आंत.

हें कुंपण काढण्याचें धाडस ज्यांनीं केलें, त्यांत ऑर्नेट कोलमन हे प्रमुख होत. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें १९३० सालीं जन्मलेले हे सॅक्सोफोनवादक १९५९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या जागीं वाजवूं लागले, तेव्हां जाणत्यांतच दोन तट पडले. स्वरसंघांनीं चालीस वाट दाखवावयाची नाहीं, चालीनेंच आपली वाट शोधावी, हें त्यांचें म्हणणें होतें. सेसिल टेलर हे पियानोवर निराळ्या मार्गानें त्याच दिशेनें निघालेले होते. २१ डिसेंबर १९६० रोजीं कोलमन यांनीं चार-चार वादकांचे दोन ताफे एकत्र बसवून सुमारें ३७ मिनिटांचें सलग वादन मुद्रित केलें. तें ‘फ्री जॅझ’ या नांवानें १९६१ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि तेंच नांव पुढें साऱ्या प्रकारास चिकटलें.

परंतु हें वादन खरोखर नियमरहित आहे काय ? लक्षपूर्वक ऐकिल्यास मधूनमधून आधीं ठरविलेले छोटे तुकडे सांपडतात. एक वादक पुढें होतो, बाकीचे त्यास उत्तर देतात, खालीं लय चालूच असते. नियम गेला नाहीं. तो कागदावरून उठून वादकांच्या कानांत जाऊन बसला.

नेमकी हीच गोष्ट नारायणगांवच्या फडांत घडत आली आहे. भाऊ-बापू आणि विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्यामुळें हें गांव तमाशाचें माहेर ठरलें. चैत्रांतील जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठीं फडांच्या राहुट्या येथेंच लागतात. जुन्नर-आंबेगांवच्या जत्रांतील प्रेक्षकांना खेळाचा क्रम पाठ असतो : ढोलकी-हलगीची सलामी, गण, गवळण, बतावणी, वग. पण परंपरागत वग लिहिलेला नसे. सरदारानें कथेचा सांगाडा सांगावा आणि नटांनीं संवाद बोर्डावरच उभे करावे, अशी रीत होती. सोंगाड्या विषय सोडून भलतीकडे गेला, तर त्यास सांवरून मूळ ठिकाणीं आणणें हें समोरच्याचें काम. तुणतुणें सूर सोडीत नाहीं, झीलकरी ओळीचा शेवट उचलतात, आणि ढोलकीची थाप नाचणारणीच्या पावलास जाब देते.

साम्य ताणूं नये. ढोलकी ताल सोडीत नाहीं. मुक्त जॅझनें पुढें तालहि सोडला, आणि तेथें त्याचें नुकसान झालें असें आम्हांस वाटतें. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘असेन्शन’ (१९६५) मध्यें अकरा वादकांचा जो कल्लोळ उठतो, त्यांत कोण कोणास उत्तर देतो हें कळेनासें होतें. आवेश अपूर्व, पण संवाद हरवतो. कोलमन यांच्या वादनांत तो हरवत नाहीं; म्हणून त्याची योग्यता अधिक.

आणखी एक साम्य मात्र टाळतां येत नाहीं. जॅझ घडविला तो मुख्यतः गुलामगिरींत पिचलेल्यांच्या वंशजांनीं. तमाशा जगविला तो मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनीं. कोलमन यांची प्रथम टवाळी झाली. परंतु त्यांच्या वादनावर लेख लिहिले गेले, वाद झाले, आणि २००७ मध्यें त्यांस पुलित्झर पारितोषिक मिळालें. विठाबाईंच्या नांवानें शासन जीवनगौरव पुरस्कार देतें, हें योग्यच. पण पुरस्कारानें आदर दिसतो, आकलन दिसत नाहीं. न्यूयॉर्कच्या वादकाला क्षणांत सुचलें तर ती प्रतिभा, आणि नारायणगांवच्या सोंगाड्याला सुचलें तर तो वात्रटपणा, हा भेद कानाचा नव्हे, मनाचा आहे. मुक्त जॅझ समजून घेण्याची इच्छा असलेल्यांनीं आधीं तो भेद टाकावा; मग दोन्हीकडचें ऐकूं येऊं लागेल.